चिलरचा ड्रम

“मॅडम, माझा ड्रम कुठाय?”

मी मान वर न करताच विचारलं, “कुठला ड्रम?”

“चिलरचा. मागच्या शेडमध्ये दाराशी उभा असतो की. आता तिथं जमिनीवर नुसता गोल डाग हाय.”

सिद्राम आमच्या कंपनीतला मेकॅनिक. कारखान्याचं पाणी थंड करणारं मोठं यंत्र, म्हणजे चिलर, त्याच्या ताब्यात होतं. त्या पाण्यात ग्लायकॉल नावाचा दाट द्रव घालावा लागे. वर्षाला एक ड्रम यायचा आणि सिद्राम तो पुरवून पुरवून वापरायचा. यंदाचा अजून उघडलाही नव्हता.

ही गोष्ट दोन हजार नऊच्या ऑगस्टमधली. सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीत औषधांच्या एका कंपनीत मी स्टोअर असिस्टंट होते. अठ्ठावीस वर्षांची होते, चार वर्षांपासून टेम्पररी. दिवाळीला कायम करू, असं साहेबांनी सांगितलं होतं.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला मी खुशीत होते, कारण कॉम्प्युटरवरची नवी सिस्टीम सुरू होऊन अकरा दिवस झाले होते आणि अजून काही बिघडलं नव्हतं. सगळे तिला ईआरपी म्हणायचे. त्याआधी आमच्याकडे प्रत्येक खात्याचं वेगळं रजिस्टर होतं: खरेदीचं वेगळं, स्टोअरचं वेगळं, उत्पादनाचं वेगळं, विक्रीचं वेगळं. एका ड्रमची चौकशी करायची तर चार टेबलं हिंडायला लागायची. आता सगळं एकाच ठिकाणी आलं होतं. सिस्टीम बसवायला पुण्याहून आलेला फैय्याज मुलाणी पहिल्या दिवशी म्हणाला होता, “मॅडम, तुम्ही इथं एकदा भरा. ते सगळीकडे दिसेल. कोणी परत विचारायला येणार नाही.”

“थांब, बघते,” मी सिद्रामला म्हटलं आणि स्क्रीनवर ग्लायकॉल टाकलं.

सिस्टीम म्हणाली: सुरुवातीचा साठा चार ड्रम. उत्पादनाला दिलेले दोन. शिल्लक दोन.

मी ते परत वाचलं. चार कसे? ग्लायकॉलचे ड्रम तीनच होते. औषधाचे तीन. आमच्या खोकल्याच्या सिरपमध्येही ग्लायकॉल पडतं, पण ते औषधी दर्जाचं, तपासून पास केलेलं. ते तीन ड्रम मुख्य गोदामात. चौथा म्हणजे...

“सापडला का?” सिद्रामनं विचारलं.

“तू जा. मी बघून सांगते.”

तो गेल्यावर मी गोदामात गेले. रॅकवर दोन ड्रम होते, दोन्ही औषधाचे. तिथून मी भंगाराच्या आवारात गेले. चालत गेले, कारण पळाले असते तर कुणीतरी का म्हणून विचारलं असतं. रिकामे ड्रम भिंतीशी आडवे रचलेले होते. आमचं नवं बारकोडचं स्टिकर असलेले दोन निळे ड्रम वरच होते. एकाचं स्टिकर मी नखानं खरवडलं. आत औषधी दर्जाच्या ग्लायकॉलचं छापील लेबल. दुसऱ्याचं खरवडलं. कागद पट्ट्यापट्ट्यांनी निघत होता. आत लाल ऑइलपेंट दिसला. आधी ‘चि’, मग ‘ल’.

सिद्रामनं आपल्या हातानं लिहिलेलं होतं ते. चिलर.

मी तिथंच ड्रमला धरून उभी राहिले. आजूबाजूला कोणी नव्हतं, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की स्टिकर परत चिकटवावं. तो विचार मला आला होता, हे मी आज लपवत नाही.

हे कसं झालं हे मला लगेच कळलं, कारण ते मीच केलं होतं. सिस्टीम सुरू करण्याआधी सगळ्या वस्तूंची यादी करायची होती. जवळजवळ चार हजार नावं. एकच वस्तू तीन-तीन रजिस्टरांत तीन-तीन नावांनी लिहिलेली. ‘डुप्लिकेट काढा, शुक्रवारपर्यंत,’ असा वरून हुकूम होता. खरेदी खात्याच्या यादीत ग्लायकॉल दोनदा होतं. तेच नाव, तेवढ्याच किलोचा ड्रम. औषधाचं की चिलरचं हे तिथं कुणी लिहिलेलंच नव्हतं. ते आम्हाला तोंडपाठ होतं. मी दिवसभरात सहाशे नावं एकत्र केली होती. माझे डोळे चुरचुरत होते. मी त्या दोन ओळी निवडल्या आणि एक केल्या. दोन्हींना एकच कोड पडला.

मग चार ड्रमना चार स्टिकर निघाली. सिस्टीम म्हणाली चारही मुख्य गोदामात आहेत, म्हणून कंत्राटाच्या माणसांनी मागच्या शेडमधला ड्रम उचलून मुख्य गोदामात आणला. जुनं लेबल दिसता कामा नये, असं मीच त्यांना बजावलं होतं. सुरुवातीचा सगळा साठा ‘तपासून पास’ म्हणूनच भरला होता. आणि सिस्टीम सर्वांत जुना माल आधी काढायला सांगते. सर्वांत जुना चिलरचाच होता.

मी स्टोअरमध्ये परत आले तेव्हा गुर्रममामा टेबलाशी बसून चष्मा पुसत होते. नरसय्या गुर्रम, आमचे हेड स्टोअरकीपर. सोलापूरच्या साखरपेठेतले, घरी तेलुगू बोलणारे. बावीस वर्षं त्यांनी ते गोदाम सांभाळलेलं. मला कामाला लावणारे तेच. डिसेंबरात निवृत्त होणार होते.

“काय झालं गं? तोंड का असं?”

मी दार लावलं आणि सांगितलं. सांगून होईपर्यंत मामांनी माझा हात धरून ठेवला.

“कुठल्या सिरपमध्ये गेला?” त्यांनी विचारलं.

“लहान मुलांच्या. खोकल्याच्या.”

मामांचा चष्मा हातातच राहिला. “चल,” ते म्हणाले. “साहेबाकडं.”

“मामा, आधी जरा...”

“आधीबिधी काय नाही. चल.”

प्लांट मॅनेजर इंगळगी साहेबांना भल्या स्वभावाचे म्हणून कुणी ओळखत नसे. त्यांनी सगळं ऐकलं आणि खुर्चीतून उठले ते उभेच राहिले. “चिलरच्या मालात काय असतं माहीत आहे? तो स्वस्तातला माल. त्यात दुसरं ग्लायकॉल मिसळलेलं असू शकतं. पोरांच्या किडन्या बंद पडतात त्यानं.” मग फोन उचलून म्हणाले, “मुलाणीला पाठवा. आत्ता.”

फैय्याज लॅपटॉप घेऊन आला. माझ्याहून लहान, दाढी नीट कोरलेली, नेहमी हसतमुख. त्याचंही हसू लगेच गेलं. साहेबांनी विचारलं, “बॅच कुठे आहे?”

“परवा बाहेर पडलीय सर.”

“हे दोन कोड एकत्र कुणी केले?”

फैय्याजनं काही बटणं दाबली. लॅपटॉप साहेबांकडे वळवला. मलाही दिसलं. तारीख होती, वेळ होती, पाच वाजून बेचाळीस मिनिटं. आणि नाव होतं: एन. गुर्रम.

माझ्या आयडीला कोड एकत्र करायचा अधिकार नव्हता. तो फक्त हेड स्टोअरकीपरला. मामांना माऊस धरायलाही जमत नसे. त्यांनी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मला दिला होता, “तूच बघ बाई माझ्या वाटचं,” म्हणून. त्या शुक्रवारी मामा साडेपाचच्या बसनं घरी गेले होते. पाच बेचाळीसला त्यांच्या नावानं मी बसले होते.

“गुर्रम?” साहेब म्हणाले.

मामांनी स्क्रीनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. क्षणभरच. “मीच दाबलं असेल साहेब,” ते म्हणाले. “मला त्यातलं काय कळतंय. नाव सारखं दिसलं, केलं.”

मी तोंड उघडलं. नवऱ्याचं काम सुटलेलं, घरी सासू, पहिलीतला मुलगा, दिवाळीला कायम. हे सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. मी तोंड मिटलं.

फैय्याज माझ्याकडे बघत होता.

“ते नंतर बघू,” साहेब म्हणाले. “माल कुठे कुठे गेला ते सांग. किती दिवस लागतील?”

“दिवस नाही सर,” फैय्याज म्हणाला. दोन मिनिटांत यादी आली. आधी हेच काम असतं तर विक्रीची रजिस्टरं, गाड्यांच्या पावत्या, डेपोचे फोन, आठवडा गेला असता. आता एका पानावर सगळं होतं. आठशे पेट्या. सातशे बहात्तर सोलापूरच्या आमच्याच डेपोत पडून. सत्तावीस लातूरच्या गाडीत, जी अजून तुळजापूरलाही पोचली नव्हती. आणि एक पेटी, एकच, चपळगावच्या एका मेडिकल दुकानात. काल दुपारी पोचलेली.

साहेबांनी डेपो बंद करायला लावला. लातूरच्या गाडीच्या ड्रायव्हरला फोन लागला. चपळगावच्या दुकानाचा फोन वाजत राहिला, कुणी उचलेना.

“जीप घ्या,” साहेब मामांना म्हणाले. “हिला बरोबर न्या. एकूण एक बाटली मोजून आणा.”

जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी मामा, मागं मी. सोलापूर ओलांडून आम्ही अक्कलकोटच्या रस्त्याला लागलो. मी सारखा दुकानाचा नंबर लावत होते. मग मामा मागं वळले. ड्रायव्हरला ऐकू जाऊ नये म्हणून हळू म्हणाले, “मी चार महिन्यांत घरी जाणार. मला काय करतील? तू गप बस.”

“मामा, मी...”

“गप बस म्हटलं ना.”

मी गप्प बसले. त्या गप्प बसण्यानं मला किती बरं वाटलं, हे आठवून अजून लाज वाटते.

दुकान उघडं होतं. फोनची तार उंदरानं कुरतडलेली. पेटी काउंटरखालीच होती. मी खाली बसून बाटल्या मोजल्या. पेटीत पंचवीस असतात. चोवीस भरल्या. परत मोजल्या. चोवीस.

“एक गेली की काल सांजच्याला,” दुकानदार म्हणाला. “अंबिकानं नेली. पिठाच्या गिरणीमागं राहती. पोरीला खोकला हाय तिच्या.”

गिरणीमागची गल्ली अरुंद होती, जीप जाईना. मी पळाले. आता कोण बघतंय याची फिकीर राहिली नव्हती. दारात चोवीस-पंचवीस वर्षांची बाई शेंगा फोडत बसली होती. आत जमिनीवर वाकळ, त्यावर चारेक वर्षांची मुलगी निजलेली. फळीवर आमची बाटली. झाकणाची पट्टी तुटलेली.

“हे औषध दिलं?”

“दिलं की.” ती उठली. “तुम्ही कोण?”

“किती दिलं?”

“रात्री एक चमचा. सकाळी एक. का हो?”

“मी औषधाच्या कंपनीतून आलेय. या बाटलीत चुकीचं... हिला दवाखान्यात न्यायचंय. आत्ता. उलटी झाली का? लघवीला गेली होती?”

अंबिकानं मुलीकडे पाहिलं. “सकाळपासून गेली नाय,” ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं. तिनं वाकळेसकट मुलीला उचललं.

मुलीचं नाव दानेश्वरी. सगळ्या वाटेत ती आईच्या मांडीवर निपचित होती. तापानं, की आणखी कशानं, मला कळत नव्हतं. मी तिच्या पोटरीवर हात ठेवला होता. पोटरी गरम होती, आणि ती गरम आहे एवढ्यालाच मी धरून बसले होते. मामा पुढच्या सीटवर तेलुगूत काहीतरी पुटपुटत होते.

सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टर होत्या. मी बाटली त्यांच्या हातात दिली आणि आत काय असू शकतं ते जसंच्या तसं सांगितलं. एरवी मला असं सलग बोलता येत नाही. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग नर्सला रक्त घ्यायला सांगितलं, सलाईन लावलं.

“दोनच चमचे ना? बरं झालं वेळेत आणलं,” त्या म्हणाल्या. “पण लघवी व्हायला हवी. ती बघत राहा. झाली की मला लगेच सांगा.”

आम्ही बघत राहिलो. तीन वाजले होते. पलंगाखाली एक पांढरं भांडं ठेवलेलं. सलाईनचा थेंब पडायचा, दुसरा पडायचा. दानेश्वरी डोळे उघडायची, पाणी मागायची, परत झोपायची. अंबिका तिच्या केसांतून बोटं फिरवत होती. साडेतीन झाले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि बघितलं. तीन चौतीस.

अंबिकानं एकदम विचारलं, “कुणाच्या हातून झालं हे?”

मामा खिडकीशी उभे होते. ते पुढं आले. “बाई, माझ्या...”

“माझ्या,” मी म्हटलं. “मामांच्या नाही. मी कॉम्प्युटरवर दोन नावं एक केली. त्यांच्या नावानं बसून केली. हे तेव्हा घरी गेले होते.”

मामांनी डोळे मिटून घेतले. अंबिका माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं ती ओरडेल, मारेल. ती उठली, पलंगाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली आणि मुलीच्या आणि माझ्या मध्ये पाठ करून बसली.

मी उठून गेले नाही. जावं असं वाटत होतं. त्या पाठीकडे बघत मी तिथंच स्टुलावर बसून राहिले.

पुढं कंपनीत काय झालं ते इथंच सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी मी इंगळगी साहेबांना लिहून दिलं, जसं अंबिकाला सांगितलं तसंच. फैय्याजनं, कुणी न विचारता, कोड एकत्र करायचा अधिकार एकट्या माणसाकडे ठेवायची चूक आपली होती, असं स्वतःच्या सहीनं लिहून दिलं. तपासणीत त्या सिरपमध्ये विषारी भेसळ निघाली. सरकारी अधिकारी आले, सगळ्या बाटल्या त्यांच्यासमोर नष्ट झाल्या, कारखाना तीन महिने बंद राहिला. मला काढलं. मामांनाही, पासवर्ड दुसऱ्याला दिला म्हणून, डिसेंबरची वाट न पाहता घरी बसवलं. निरोपसमारंभ नाही, शाल नाही. मी गप्प राहिले असते तर म्हातारा चुकला म्हणून त्यांना सोडून दिलं असतं. मी खरं बोलले आणि त्यांचं जास्त नुकसान झालं. दोन वर्षं ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. आजही मला ते बरोबर केलं की चूक, हे त्यांच्या बाजूनं सांगता येत नाही. मी आता दुसऱ्या एका कारखान्यात तेच काम करते, वस्तूंचे कोड बनवायचं. दोन नावं सारखी दिसली की खुर्चीतून उठते आणि गोदामात जाऊन माल डोळ्यांनी बघून येते. लोक हसतात.

पण त्या दिवशी मला हे काही माहीत नव्हतं. मला कंपनी आठवतही नव्हती.

साडेचार झाले. पावणेपाच. डॉक्टर दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी मुलीच्या पोटावर हात दाबून पाहिला आणि काही न बोलता गेल्या. ते न बोलणं मला सोसेना. अंबिकाच्या खांद्यावरचा पदर सारखा हलत होता, ती आवाज न करता रडत होती.

पाच वाजून दहा मिनिटांनी दानेश्वरीनं डोळे उघडले. पाय हलवले. मग कुरकुरत म्हणाली, “आई... शू.”

अंबिकानं तिला असं झटक्यात उचललं की सलाईनची नळी ताणली गेली. मी नळी धरली. तिनं भांडं पुढं ओढलं. आम्ही दोघी वाकलो होतो. क्षणभर काहीच नाही. आणि मग तो आवाज आला, भांड्याच्या पत्र्यावर पडणारा. थांबला, परत सुरू झाला, बराच वेळ चालू राहिला. इतका वेळ की दानेश्वरी स्वतःच लाजून हसली.

नर्स धावत डॉक्टरांना बोलवायला गेली. अंबिकानं मुलीला निजवलं, पांघरूण घातलं. मग भांडं दोन्ही हातांनी उचलून माझ्यासमोर धरलं.

“बघितलं?”

मी मान हलवली.

“आता तुम्ही जावा,” ती म्हणाली.

मी बाहेर आले. मामा केव्हाच वॉर्डातून निघून गेले होते. ते खाली जिन्याच्या पायरीवर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. माझी पावलं ऐकून त्यांनी वर पाहिलं, पण उठले नाहीत.

“झाली?”

“झाली,” मी म्हटलं, आणि त्यांच्या शेजारी बसले.